निळ्या खडूची खूण

सरकारी नोकराची बायको मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसवर भांडी घासते, हे आमच्या गावात मला तोंडावर कुणी बोललं नाही. नदीवर मात्र सगळ्या बायकांना माहीत होतं. सुमन सकाळी मला डबा भरून द्यायची, आमच्या जयूला शाळेत धाडायची आणि नदीपलीकडच्या बंगल्यावर जायची. शनिवार-रविवारी तिथं पाहुणे असत, सोमवारी रिकाम्या बाटल्यांचा ढीग. त्या बाटल्या भंगारात घालायला ती घरी आणायची. आणण्याआधी एकेक बाटली तिथल्या मोरीत उलटी करून झटकायची. एका सोमवारी मी तिला विचारलं, की तळाला राहिलेलं सगळं कशाला ओततेस. पुढच्या सोमवारपासून तिनं बाटल्या आणणं बंद केलं.

माझी नोकरी तेव्हा चालू होती, पगार वेळेवर होत होता. तरी पावसाळ्यात आमच्या घराच्या पाठच्या पडवीवर प्लास्टिक होतं आणि जयूच्या पायात सुमनच्या चपला होत्या.

माझे वडील कर्जतला गवताच्या वखारीत गाठी बांधायचे. आई भाताच्या आवणीला आणि कापणीला दुसऱ्यांच्या शेतावर. त्यांच्या पोटी मी बी.ए. झालो, इतिहास घेऊन. आमच्या घराण्यातला पहिला, आणि गावातलाही. निकाल लागला तेव्हा वडिलांनी विचारलं, "बी.ए. म्हंजे कितवी रं?" मी म्हटलं, पंधरावी. त्यांनी वखारीत सगळ्यांना पेढे वाटले आणि त्या दिवशी पहिल्यांदा सदरा घालून कामावर गेले. ते जन्मात दारूला शिवले नाहीत. घरात शिकणारा पहिला मी, तसा पिणाराही पहिला मीच.

आमच्या तालुक्याच्या या दिवाळी अंकासाठी 'आरोग्य खात्यातले अनुभव' लिहा असं मला सांगितलंय. साप चावलेल्याला डोलीतून आणलं, पुरात लस पोचवली, अशा गोष्टी माझ्याकडं आहेत, पण त्या माझ्या सहकाऱ्यांनी लिहून झाल्यात. मी खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या एका बालवाडीविषयी लिहिणार आहे. माणसांची नावं बदललेली आहेत. माझं वर छापलेलं नाव मात्र खरं आहे. तिथली रीतच तशी आहे, आपलं नाव आपण सांगावं, दुसऱ्याचं सांगू नये. ही रीत मी एकदा मोडली, त्याचीच ही हकिकत.

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी आरोग्य सेवक होतो. लोक 'मलेरियावाला' म्हणायचे. माझ्याकडं कशेळ्याच्या पलीकडची चार गावं आणि त्यांच्या वाड्या. पंधरवड्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं आणि विचारायचं, कुणाला ताप आहे का, येऊन गेला का. असला तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त पसरायचं, एक थर जाड, एक पातळ. काचेवर नंबर, वहीत नाव. निघताना दाराशेजारी भिंतीवर खडूनं तारीख टाकून सही करायची, म्हणजे वरिष्ठ तपासायला आले तर भेट दिल्याचं दिसतं. चुन्याच्या भिंतीवर पांढरा खडू उठत नाही म्हणून मी निळा वापरायचो. शिवाय विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंगची पावडर टाकायची, जन्ममृत्यू नोंदवायचे, आणि क्षयाचा कुणी रोगी गोळ्या अर्धवट सोडून बसला तर त्याच्या घरी जाऊन त्याला परत आणायचं. या शेवटच्या कामात माझा हातखंडा होता. माझ्या हद्दीतला एकही क्षयरोगी मी सुटू दिला नाही. जंगलात लाकडं तोडायला गेलेल्यांना मी तिथं जाऊन गोळ्या चारल्यात. वही पुरी करायची म्हणजे करायचीच, हा माझा बाणा. मी पीत होतो तेव्हाही माझं अक्षर बिघडलं नव्हतं.

त्या श्रावणात मी एका ठाकरवाडीला जायला निघालो आणि कशेळ्याच्या नाक्यावरचं दारूचं दुकान ओलांडलंच नाही. संध्याकाळी उपकेंद्रात परत आलो तेव्हा पेटीत वीस काचपट्ट्या कोऱ्या होत्या आणि महिना संपत आला होता. मी माझ्याच बोटाला सुई टोचली. एका बोटाचं पुरेना तेव्हा दुसऱ्या. वीस काचपट्ट्या नीट पसरल्या, वाळवल्या, जुन्या यादीतून वाडीतली वीस नावं सुंदर अक्षरात उतरवली. अंग मोडून आलं होतं, थंडी वाजत होती. मला वाटलं रोजचंच, उतरल्यावर होतं तसं.

आठ दिवसांनी प्रयोगशाळेतून निरोप आला, वीसच्या वीस नमुन्यांत हिवतापाचे जंतू.

एका वाडीत एका दिवशी वीस रुग्ण म्हणजे साथ. फवारणीचं पथक निघालं, गोळ्यांचे खोके निघाले, आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडम स्वतः चिखल तुडवत वाडीत आल्या. वाडीत कुणाला शिंकसुद्धा नव्हती. वीस नावांतली एक मुलगी लग्न होऊन मुरबाडकडं गेलेली, दोघं कामासाठी घाटावर. एका म्हाताऱ्याच्या बायकोचं नाव पुकारलं तेव्हा तो पुढं आला आणि मॅडमना शांतपणे विचारता झाला, की ती जाऊन पाच वर्षं झाली, तिला अजून ताप आहे का.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी छत्री धरून उभा होतो आणि छत्री थरथरत होती. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला.

"भोईर," त्या म्हणाल्या, "हे वीस पेशंट नाहीत. एकच आहे."

वयानं त्या माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. ओरडल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. चौकशी झाली, वेतनवाढ थांबली, ते रास्तच होतं. त्यांनी मला हिवतापाच्या चौदा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वेगळ्या कागदावर तीन शब्द लिहिले. शिळफाटा, बालवाडी, गुरुवार. सहा वाजता, म्हणाल्या. मी विचारलं, तिथं काय असतं. "माझे वडील जायचे," त्या म्हणाल्या. "उशिरा गेले."

वास्तविक दारू सोडू पाहणाऱ्यांची तशी सभा कर्जतलाही मंगळवारी भरायची. पण कर्जतला मला कोण ओळखत नाही? म्हणून गुरुवारी मी कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसलो. शिळफाट्याच्या बाजारामागं बालवाडीची ती खोली होती. भिंतीवर अननस, आगगाडी, इमारत. बसायला पोरांच्या बुटक्या खुर्च्या. त्यावर गुडघे छातीशी घेऊन दहा-बारा बाप्ये बसलेले. मी डोकं वर केलं तर समोर कर्जतच्या बाजारातला माझा किराणावाला. त्याच्या शेजारी जयूच्या शाळेतले शिपाई. कोपऱ्यात आमच्या खात्यातला एक ड्रायव्हर. आम्ही सगळे एकमेकांपासून लपायला एकाच खोलीत आलो होतो. पुढं कळलं, की खोपोलीतले पिणारे मंगळवारी कर्जतला जातात.

दारात इक्बालभाई उभे होते. खोपोलीत त्यांचं सुक्या मासळीचं दुकान. घराणं मूळचं किनाऱ्याकडचं. सभेचा कोरा चहा तेच करायचे, त्यालाही किंचित सुकटीचा वास यायचा. मी सवयीनं खिशातून पेन काढलं आणि विचारलं, नाव कुठं लिहायचं.

"इथं हजेरी नाय, भाऊ," ते म्हणाले. "आलास, बस. नाय आलास, दार उघडंच हाय."

सभेत काय चालतं याबद्दल लोकांच्या भलत्या कल्पना असतात. औषध नसतं, भाषण नसतं. एक जण उठतो, नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो आणि आपली गोष्ट सांगतो. बाकीचे ऐकतात. कुणी सल्ला द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. बी.ए. झालेल्या माणसाला हे फार जड जातं. पहिले दोन महिने मी मनातल्या मनात इतरांच्या चुका काढत बसायचो. एक गृहस्थ तर वर्षभर दर गुरुवारी यायचे आणि सांगायचे, की मी माझ्या भावासाठी आलोय, भाऊ फार पितो. आम्ही ऐकायचो. एके दिवशी ते उठले आणि म्हणाले, "मला भाऊ नाय." कुणी हसलं नाही. इक्बालभाईंनी त्यांच्या कपात चहा ओतला, झालं. हसलो आम्ही नंतर, स्टेशनकडं जाताना, तेही त्यांच्यासकट.

तिसऱ्या महिन्यात माझी दारू थांबली. कशी, ते मला नीट सांगता येत नाही. आज नको, एवढंच करत गेलो. एका सोमवारी सुमन पुन्हा रिकाम्या बाटल्या घेऊन आली आणि माझ्यासमोर गोणपाटावर ओतल्या, त्यावरून मी समजलो.

पण वहीची सवय सुटली नाही. सभेहून घरी आलो की मी एका जुन्या रजिस्टरात रकाने आखून लिहायचो. कोण आलं, कोण नाही, कुणाचा कितवा गुरुवार. नावं पहिलीच, पण गाव लिहायचो. मला वाटायचं, मी काही वाईट करत नाही. क्षयाच्या रोग्याची नोंद नसती तर मी त्याला शोधलं असतं कसं? इक्बालभाईंना सांगितलं मात्र नाही. ते काय म्हणतील हे मला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

मला दारू सोडून पाच वर्षं झाली त्या सुमारास रघुनाथ यायला लागला. माझ्याच हद्दीतल्या गावचा गवंडी. मला पाहून तो पहिल्या दिवशी दारातूनच मागं फिरला होता. इक्बालभाईंनी हाताला धरून बसवलं. रघुनाथचा हात चांगला होता. कशेळ्याकडची निम्मी नवी घरं त्यानं बांधलेली. स्वतःच्या घराला मात्र गिलावा नव्हता. तो उभा राहायचा तेव्हा बोटांना सिमेंट चिकटलेलं असायचं आणि तो ते खरवडत बोलायचा.

त्याची एकच काळजी होती, पोरगी. मनीषाला खालापूरकडच्या एका घरातून मागणी होती. पोरगा कंपनीत कायम, माणसं साधी. पण पोराच्या बापाचा भाऊ दारूनं मेलेला. त्यामुळं त्यांची एकच अट, की पिणाऱ्याच्या घरची सोयरीक नको.

"मी पितो हे कळलं तर जमनार नाय," रघुनाथ सभेत म्हणाला. "आन मी सोडली हे कळलं तरी जमनार नाय. सोडायला आदी पिनारा लागतो ना? मंग मी काय करू? मी फकस्त गप ऱ्हातो आन येतो."

खोलीतले सगळे हसले, तोही हसला. पण त्यानं प्रत्येकाकडं पाहून हात जोडले होते. माझ्याकडं जरा जास्त वेळ, कारण महिन्यातून दोनदा मी त्याच्या दारात जाणारा माणूस. मी मान हलवली. त्याचा अर्थ काय, हे मला नीट ठाऊक होतं.

पाच महिने तो एकही गुरुवार चुकला नाही. मी वहीत त्याच्या नावापुढं ओळीनं खुणा करत होतो. ती ओळ पाहून मला क्षयाच्या रोग्याची पुरी झालेली गोळ्यांची कार्डं आठवायची. मग मार्गशीर्षात एक गुरुवार तो आला नाही. दुसराही गेला, तिसराही.

क्षयाच्या रोग्यानं तीन वेळा गोळी चुकवली की चौथ्या वेळेची वाट बघायची नसते. हे माझ्या हाडात भिनलेलं. इक्बालभाईंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. रघुनाथनं त्यांना आधीच कळवून ठेवलं होतं, की घराला गिलावा आणि चुना करायचाय, पाहुणे यायचेत, तीन-चार गुरुवार येणार नाही. पण विचारायचं तर तीन खाडे मी मोजले कसे हे सांगावं लागलं असतं. मी विचारलं नाही.

ताप सर्वेक्षणाचा दिवस होता. सोबत आशाताई होती, गावातलीच आशा स्वयंसेविका. मी ठरवलं होतं की त्याला जरा बाजूला घेऊन विचारू. अंगणाबाहेर एक गाडी उभी दिसली. फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या गवंड्याकडं येतातच, म्हणून मी काही मनात आणलं नाही. घर नवं झालं होतं. पांढरा चुना, दाराला निळी चौकट. ओटीवर सतरंजी, चार-पाच माणसं, पुढ्यात पोह्यांच्या बशा. रघुनाथ धुतलेल्या सदऱ्यात. तो मला पाहून उभा राहिला आणि त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, हा पुन्हा प्यायलाय. आजही तो चेहरा मी आठवतो. प्यायलेला नव्हता तो. घाबरलेला होता.

मी नेहमीसारखं विचारलं, घरात कुणाला ताप? वत्सलाबाई, त्याची बायको, आतून म्हणाली, नाय, कुनाला नाय. तिथं माझं काम संपलं होतं. खडू काढून भिंतीवर तारीख टाकायची आणि पुढचं घर. मी खडू काढला. त्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर निळी तारीख टाकली, सही केली, आणि वळून म्हणालो, "रघुनाथ, तीन गुरुवार झाले. खोपोलीला दिसला नाहीस. बरं आहे ना?"

सतरंजीवरच्या एका गृहस्थांनी बशी खाली ठेवली. ते नवऱ्या मुलाचे मामा, खोपोलीत राहणारे. त्यांनी मला विचारलं, खोपोलीला कुठं? मी म्हटलं, तपासणीला. माझ्यासारख्या माणसाच्या तोंडून हा शब्द आला आणि सगळी ओटी सावध झाली. कसली तपासणी, मामांनी विचारलं. मी आशाताईकडं पाहिलं, ती माझ्याकडं पाहत होती.

"गुरुवारी शिळफाट्याला बालवाडीत भरते," मामा सावकाश म्हणाले, "ती का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. वीस काचपट्ट्यांवर खोटं लिहिणारा माणूस मी. पण मी हातातला खडू खिशात ठेवला. बोलला रघुनाथच.

"व्हय," तो म्हणाला. "तीच. पाच म्हयने झाले, हात नाय लावला."

पाहुणे वाईट वागले नाहीत. चहा घेतला, मुलीच्या हातावर खाऊ म्हणून काही ठेवलं, कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

पुढच्या गुरुवारी रघुनाथ येईल म्हणून मी खोपोलीला अर्धा तास आधी जाऊन बसलो. तो आला नाही. त्यानंतरही नाही. घरी जायची माझी छाती झाली नाही. सर्वेक्षणाला त्याच्या गल्लीत आशाताईला पुढं पाठवायचो. तिच्याकडूनच कळायचं, की पुन्हा सुरू झालंय, कामावर जात नाही, मनीषा पनवेलला कुठल्या दुकानात लागली. मॅडमची बदली झाली होती, नाहीतर त्यांना विचारलं असतं. गणपती उठले त्याच आठवड्यात रघुनाथला रक्ताची उलटी झाली. गाडी आली, पण कर्जतच्या आधीच सगळं संपलं.

मृत्यूची नोंद करणं माझं काम होतं. ते आशाताईवर ढकलता आलं नाही. दहाव्यानंतर मी रजिस्टर घेऊन गेलो. दाराशेजारी पावसानं निम्मी पुसलेली माझी निळी खूण अजून होती. त्या घरानं ती पुसली नव्हती आणि तिच्यानंतर दुसरी कुणी केलीही नव्हती.

वत्सलाबाईनं वय सांगितलं, वेळ सांगितली. मृत्यूचं कारण या रकान्याशी मी थांबलो.

"लिवा ना," ती म्हणाली. "तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी 'यकृताचा आजार' असं लिहिलं. ती ओटीच्या कडेला बसली होती. आवाज चढवला नाही तिनं.

"साहेब, त्यो तीन येळा आला नाय, तर तुमी आलात. मंग त्यो सारका नऊ म्हयने आला नाय, तवा का नाय आलात? तवा खरा गरजू व्हता त्यो." मी रजिस्टर मिटलं. "तुमी मानसाला बगाया आलाच नवता. तुमी तुमची वही पुरी कराया आलता."

तिला माझ्या वहीबद्दल काही माहीत नव्हतं. तिनं रजिस्टरकडं पाहून म्हटलं होतं.

मी तिथून निघालो तो कशेळ्याच्या नाक्यावर येऊन थांबलो. दुकान होतं तिथंच होतं. गल्ल्यावरचा माणूस बदलला नव्हता. सहा वर्षांनी मी समोर उभा राहिलो आणि त्यानं काही न विचारता माझी नेहमीची बाटली फळीवर ठेवली. मी तिच्याकडं किती वेळ पाहत होतो कोण जाणे. मागं जीपवाला कर्जत, कर्जत म्हणून ओरडत होता. मी जीपमध्ये बसलो. मोठा निश्चय वगैरे नव्हता. जीप भरत आली होती आणि एकच जागा उरली होती, एवढंच.

कर्जतहून गाडीनं खोपोली गाठली. गुरुवार नव्हता, बालवाडीला कुलूप. मी इक्बालभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, एक डबा उपडा करून दिला आणि पुढ्यात बोंबलांचा ढीग लोटला. तुटके वेगळे काढ, म्हणाले. बोंबील निवडता निवडता मी सगळं सांगितलं. वहीचंही.

"किती वर्सं लिवतोस?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"मी हाय त्यात?"

"आहात."

"माझे खाडे किती?"

"एक."

त्यांनी कोणता म्हणून विचारलं नाही. त्यांची बायको गेली तो गुरुवार होता, ते त्यांनाही माहीत होतं, मलाही. त्यांनी एक बोंबील चाचपून बाजूला टाकला.

"लिवलंस ते वाईट नाय रं," ते म्हणाले. "कुनीतरी मोजत व्हतं, बरं वाटलं. पण तू ते दुसऱ्याच्या ओटीवर नेऊन वाचलंस." मग म्हणाले, "वत्सलाबाय माफ करनार नाय. मागायला जाऊ नको, त्या बिचारीला अजून एक काम नको लावू."

"मग काय करू?"

"त्यो कशेळ्याकडचा मानूस. दोन गाड्या बदलून खोपोलीला का आला? लपायला. तिथंच उघड एक खोली. लपायची गरज नाय अशी."

मी त्यांना सांगितलं की कशेळ्यात कोण येणार, सगळे सगळ्यांना ओळखतात. ते म्हणाले, मग तू तर आहेस ना ओळखीचा.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या मागं मी बादलीत टीसीएल पावडर कालवली, विहिरीला करतो त्याच्या दसपट, आणि ती वही त्यात बुडवली. सकाळी काढली तर निळी शाई गेली होती. बॉलपेननं लिहिल्याचे ओरखडे मात्र कागदावर राहिले होते. बोट फिरवलं तर रघुनाथची ओळ लागत होती. ते पान मी चुरगाळून पाण्यात विरघळेपर्यंत हातानं चोळलं. हाताची साल गेली.

कशेळ्यात खोली मिळायला चार महिने लागले. बाजारपेठेत, रस्त्यालगत, दार थेट रस्त्यावर उघडणारी. गुरुवारचीच वेळ ठेवली. मी दारावर सभेचा कागद लावला आणि त्यावर खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. भाजीवाल्या बायका दारातून वाकून बघायच्या, एक जण म्हणाली, "मलेरियावाल्याला दारू बाधली वाटतं." मी म्हटलं, "हो, बाधली." पहिले पाच गुरुवार मी एकटा बसलो. सुमन डब्यात चहा घेऊन यायची, दोघंच प्यायचो आणि कुलूप लावायचो.

सहाव्या गुरुवारी वत्सलाबाई दारात आली. सोबत तिचा धाकटा भाऊ, डोळे तांबडे, पाय अडखळत. तिनं त्याला आत ढकललं नाही, नुसती बाजूला उभी राहिली.

"हातात वही हाय का?" तिनं मला विचारलं.

मी दोन्ही तळहात पुढं केले. तिनं ते नीट पाहिले, पोलीस पाहतो तसे. मग भावाला म्हणाली, "बस रं जाऊन." आणि निघून गेली. माझ्याशी ती त्यानंतर आजपर्यंत बोललेली नाही. बाजारात समोर आली तर रस्ता बदलते.

मनीषाचं लग्न झालेलं नाही. ती पनवेललाच असते. ते कुठं ना कुठं जमेल असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही. इक्बालभाई मागच्या रमजानच्या आधी गेले. खोपोलीला आता चहा कोण करतं, मला माहीत नाही, पण सुकटीचा वास नसणार.

मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. वडिलांचा तो सदरा, पेढे वाटले त्या दिवशीचा, आईनं जपून ठेवलेला आहे. तो पाहिला की मला बी.ए.चा अभिमान वाटतो आणि पाठोपाठ वीस काचपट्ट्या दिसतात. दोन्ही माझ्याच अक्षरातलं.

मी बारा वर्षं प्यायलेलो नाही. वत्सलाबाईचा भाऊ साडेपाच वर्षं प्यायलेला नाही. रघुनाथ वाचला नाही. कशेळ्याच्या बाजारपेठेत दर गुरुवारी सहा वाजता सभा भरते. टाळेबंदीतसुद्धा मी पायरीवर एकटा बसलो होतो, एकही गुरुवार चुकलेला नाही. सात-आठ माणसं येतात. किती, ते मी मोजत नाही.